दहा विजयांचा दुसरा, सहा विजयांचा पहिला: एनएफएलचा १९३२ चा सीझन

प्रश्न असा आहे: १९३२ साली एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, ग्रीन बे पॅकर्सनी दहा सामने जिंकले आणि शिकागो बेअर्सनी नियमित सीझनमध्ये फक्त सहा. तरी विजेतेपद बेअर्सना कसं मिळालं? आणि ते ज्या सामन्यावर ठरलं तो सर्कशीच्या जागेत खेळला गेला, ही गोष्ट खरी की रचलेली?

गोष्ट खरी आहे. मी ओहायोत राहतो आणि गेली एकवीस वर्षं हायस्कूल फुटबॉलमध्ये पंच म्हणून काम करतो, त्यातली बहुतेक हेड लाइन्समन म्हणून. म्हणजे शुक्रवारच्या रात्री मैदानाच्या बाजूच्या रेषेवर उभं राहायचं, चेंडू कुठे थांबला ते टिपायचं आणि दहा यार्ड मोजायची साखळी धरणाऱ्या मंडळींवर लक्ष ठेवायचं. १९३२ चा सीझन मला इतका जवळचा वाटतो तो या जागेमुळेच. त्या वर्षाचं दुखणं बाजूच्या रेषेपाशी होतं, आणि त्यावरचा इलाजही तिथेच सापडला.

आधी हिशेब. त्या वर्षी लीगमध्ये आठच संघ उरले होते. एनएफएलच्या इतिहासात यापेक्षा कमी संघ कधीच नव्हते. मंदीनं एकेक क्लब बंद पाडला होता. कोणी किती सामने खेळायचे याचं बंधन नव्हतं, त्यामुळे पॅकर्स चौदा खेळले, बेअर्स तेरा आणि ओहायोतल्या पोर्ट्समथ गावचे स्पार्टन्स अकरा. क्रमवारी गुणांवर नव्हे, विजयाच्या टक्केवारीवर ठरे, आणि ती काढताना बरोबरीत सुटलेला सामना धरतच नसत. जणू तो झालाच नाही. आपल्याकडे आयपीएलमध्ये पावसानं सामना वाहून गेला तर दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो; इथे शून्यही नाही, सामनाच गायब.

बेअर्स सहा जिंकले, एक हरले, सहा बरोबरीत. स्पार्टन्स सहा जिंकले, एक हरले, चार बरोबरीत. बरोबऱ्या बाजूला काढल्या की दोघांचेही सातपैकी सहा विजय, म्हणजे ८५.७ टक्के. पॅकर्स दहा जिंकले, तीन हरले, एक बरोबरीत: तेरापैकी दहा, ७६.९ टक्के. पॅकर्स तिसरे.

या पद्धतीनं काय होतं ते मी एकदा कागद घेऊन मांडून पाहिलं. डिसेंबर उजाडला तेव्हा पॅकर्स दहा विजय, एक पराभव, एक बरोबरी अशा थाटात होते. १९२९, १९३० आणि १९३१ अशी सलग तीन विजेतेपदं त्यांच्या नावावर होती आणि चौथं समोर दिसत होतं. उरलेले दोन सामने नेमके स्पार्टन्स आणि बेअर्सविरुद्ध होते. दोन्ही ते हरले. पण समजा त्यांनी स्पार्टन्सना हरवलं असतं आणि फक्त बेअर्सकडून हरले असते, तर अकरा विजय, दोन पराभव, ८४.६ टक्के. बेअर्स ८५.७ वर, म्हणजे विजेते बेअर्सच. उलट, स्पार्टन्सकडून हरून बेअर्सना हरवलं असतं, तर विजेते स्पार्टन्स. एक जिंकून भागलंच नसतं. आता तिसरी शक्यता पाहा: दोन्ही सामने बरोबरीत सुटले असते, तर दहा विजय आणि एक पराभव, ९०.९ टक्के, आणि पॅकर्स थेट विजेते. एक विजय आणि एक पराभव यांच्यापेक्षा दोन बरोबऱ्या जास्त किमतीच्या ठरत होत्या. धोका पत्करण्यापेक्षा सामना बरोबरीत रेटणं ज्या तक्त्यात शहाणपणाचं ठरतं, त्या तक्त्यानं खेळाचं नुकसान होतंच.

आणि बरोबऱ्या होत्याही भरपूर. नियमित सीझनच्या ४७ सामन्यांपैकी दहा बरोबरीत सुटले. बेअर्सचे पहिले तीन सामने पाहा: पॅकर्सशी ०-०, स्टेटन आयलंडच्या स्टेपलटन्सशी ०-०, शिकागो कार्डिनल्सशी ०-०. चौथ्यात पॅकर्सकडून ०-२ असा पराभव, तोही एका सेफ्टीच्या दोन गुणांमुळे (चेंडू असलेला संघ मैदानाच्या स्वतःच्याच टोकाच्या पट्ट्यात अडकला की समोरच्याला मिळतात ते). चार सामन्यांत स्वतःचा एकही गुण नाही, दिलेले गुण दोनच. या संघात रेड ग्रेंज आणि ब्रॉन्को नगुर्स्की होते, त्या काळातली फुटबॉलमधली सगळ्यांत मोठी दोन नावं. हे दोघं मैदानावर असताना महिनाभर गुणच होत नाहीत, तर खोट खेळाडूंत शोधून उपयोग नव्हता, ती नियमांत होती.

हे समजायला थोडी तांत्रिक माहिती हवी. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू जिथे थांबतो तिथून पुढचा डाव सुरू होतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. तेव्हाचा नियम हे ‘जिथे थांबला तिथून’ अक्षरशः पाळायचा. चेंडू घेऊन धावणारा बाजूच्या रेषेला खेटून पडला, तर पुढचा डाव तिथूनच, रेषेपासून हातभर अंतरावरून. मग एका बाजूला खेळायला जागाच नाही. सगळा बचाव दुसऱ्या बाजूला सरकून उभा. बहुतेक संघ अशा वेळी एक प्रयत्न खर्ची घालून चेंडू नुसता मैदानाच्या मध्याकडे आणत. चारपैकी एक प्रयत्न असा वाया जाई.

याचा अर्थ मला पुस्तकातून नाही कळला. पंच म्हणून माझं ते तिसरं वर्ष असेल. दक्षिण ओहायोतल्या एका शाळेच्या मैदानावर पाऊस इतका पडला होता की आतल्या खुणा पार धुऊन गेल्या होत्या. त्यांना इथे हॅश मार्क म्हणतात. हायस्कूलमध्ये त्या मैदानाच्या रुंदीचे तीन समान भाग करतात. रेषेजवळ थांबलेला चेंडू माझ्या बाजूच्या खुणेवर आणून ठेवणं माझ्या अखत्यारीतलं काम. मी तो सलग दोनदा चार-पाच यार्ड बाहेर, रेषेच्या अंगाला ठेवला. फक्त चार-पाच यार्ड! तरी समोरच्या बचाव फळीनं लगेच कूस बदलली, दोन खेळाडू माझ्या बाजूनं उठून पलीकडे गेले आणि आक्रमण करणाऱ्या संघाचे दोन डाव जागच्या जागी मेले. त्यांचे प्रशिक्षक ओरडले नाहीत. माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाले, “सर, माझ्या मुलांना अर्धंच मैदान मिळतंय.” आमच्या मुख्य पंचांनी पावलं मोजून चेंडू जागेवर आणला. १९३२ साली प्रत्येक संघ अर्ध्या मैदानावर खेळत होता, आणि रेषेला खेटून चेंडू ठेवणारा पंच नियमाप्रमाणेच वागत होता.

दुसरा अडसर पासचा. चेंडू पुढे फेकायचा तर फेकणाऱ्यानं सुरुवातीच्या रेषेपासून किमान पाच यार्ड मागे असलं पाहिजे, असा नियम होता. म्हणजे कोणी मागे सरकला की बचावाला आधीच कळणार, हा पास टाकतोय. तिसरा अडसर गोलपोस्टचा. ते एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, पार मागच्या रेषेवर असत, त्यामुळे फील्ड गोलची (चेंडू गोलपोस्टमधून मारून गुण मिळवायची) लाथ दहा यार्ड लांब पडे आणि फारसं कोणी तिच्या वाटेला जात नसे. हे नियम एनएफएलचे स्वतःचे नव्हतेच. व्यावसायिक लीग कॉलेज फुटबॉलचं नियमपुस्तक जसंच्या तसं वापरायची.

आता पोर्ट्समथकडे येऊ, कारण या सीझनच्या कहाणीत या गावाचं नाव फार घाईनं घेतलं जातं. ओहायो नदीकाठचं गाव, तेव्हा जेमतेम ४२ हजार वस्ती, बुटांचे कारखाने आणि पोलाद. १९३० मध्ये त्यांचा संघ एनएफएलमध्ये आला. १९३१ च्या शेवटी ते पॅकर्सच्या एका पराभवानं मागे होते. दोघांमधला आणखी एक सामना ढोबळपणे ठरला होता, पण तो पक्का नव्हता असं सांगून पॅकर्स खेळायलाच आले नाहीत आणि विजेतेपद घेऊन गेले. पोर्ट्समथनं ते मनात ठेवलं. ४ डिसेंबर १९३२ ला तेच पॅकर्स गावात आले तेव्हा प्रशिक्षक पॉट्सी क्लार्क यांनी अकरा खेळाडू मैदानावर उतरवले आणि शेवटपर्यंत एकही बदलला नाही. आक्रमण, बचाव, किक, सगळं त्याच अकरा जणांनी केलं. निकाल १९-०. माझ्या दृष्टीनं त्या सीझनमधला सर्वांत मोठा पराक्रम तो आहे, शिकागोतला सामना नव्हे.

पुढच्या रविवारी, ११ डिसेंबरला, बर्फात बेअर्सनी पॅकर्सना ९-० हरवलं. आता बेअर्स आणि स्पार्टन्स अगदी समान. आपसातले त्यांचे दोन्ही सामने बरोबरीत सुटलेले, म्हणजे तिथूनही उत्तर नाही. अशा वेळी काय करायचं याचा नियमच नव्हता, कारण तोवर विजेता तक्त्यावरून ठरायचा. लीगच्या संमतीनं एक जादा सामना शिकागोत ठरला, १८ डिसेंबरला, रिगली फील्डवर.

मग हवामानानं दगा दिला. शिकागोत कडाक्याची थंडी आणि बर्फ. उघड्या मैदानावर प्रेक्षक येणार नाहीत हे बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांना दिसत होतं, आणि त्यांना गेटच्या पैशांची निकड होती. त्या वर्षी खेळाडूंना रोख द्यायला पैसे नव्हते म्हणून त्यांनी काहींना पैसे नंतर देण्याच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. त्यांनी सामना शिकागो स्टेडियममध्ये हलवला. ती होती छताखालची जागा, आइस हॉकी आणि बॉक्सिंगची. त्याच उन्हाळ्यात रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांची अधिवेशनं तिथे झाली होती. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची उमेदवारी तिथेच जाहीर झाली. ही कल्पना हॅलस यांना आयत्या वेळी सुचली असंही नाही. १९३० च्या डिसेंबरमध्ये बेरोजगारांच्या मदतीसाठी बेअर्स आणि कार्डिनल्स याच छताखाली एक सामना खेळले होते.

सामन्याच्या आधी तिथे सर्कस होऊन गेली होती. काँक्रीटवर माती आणि झाडाच्या सालीचा भुसा पसरलेलाच होता, सोबत जनावरांची लीद आणि तिचा वास. मैदान बसलं ते एंड झोन धरून ८० यार्डांचं, जिथे नेहमी १२० लागतात. रुंदीही कमी. बाजूच्या रेषेलगत हॉकीच्या रिंगणाची भिंत.

अशा जागेत नेहमीचे नियम चालणार कसे? दोन्ही संघांनी मिळून खास नियम ठरवले. मैदान आखूड म्हणून, मधली रेषा ओलांडली की संघाला वीस यार्ड मागे आणायचं. फील्ड गोल बंद. गोलपोस्ट गोलरेषेवर. आणि भिंतीमुळे, डाव रेषेजवळ संपला तर चेंडू दहा यार्ड आत आणून ठेवायचा.

हा शेवटचा नियम खेळाडूंची डोकी भिंतीवर आपटू नयेत म्हणून केला होता. त्या रात्री तो करणाऱ्यांच्या मनात खेळ सुधारायचा विचार असल्याचं मला कुठेच आढळलं नाही. पण हजारो लोकांसमोर पहिल्यांदाच दिसलं की चेंडू आत आणला की दोन्ही बाजू खुल्या राहतात आणि प्रत्येक डावाला काहीतरी घडण्याची शक्यता असते.

प्रेक्षक आले ११,१९८. स्पार्टन्सचा सर्वोत्तम खेळाडू डच क्लार्क मात्र आलाच नाही. तो कोलोराडो कॉलेजमध्ये बास्केटबॉलचा प्रशिक्षक होता, सीझन संपला असं समजून कामावर रुजू झाला होता आणि कॉलेजनं त्याला सोडलं नाही. लीगमध्ये त्या वर्षी सर्वाधिक गुण करणारा माणूस विजेतेपदाच्या सामन्याला हजर नव्हता, कारण त्याची दुसरी नोकरी जास्त भरवशाची होती. व्यावसायिक फुटबॉलची तेव्हाची पत यावरून समजावी.

तीन क्वार्टर गुणफलक कोराच. चौथ्यात बेअर्सच्या डिक नेस्बिटनं स्पार्टन्सचा पास मध्येच पकडला आणि चेंडू सात यार्डांच्या रेषेपर्यंत आणला. तीन प्रयत्नांनंतर शेवटची दोन यार्ड उरली. चौथ्या प्रयत्नात चेंडू नगुर्स्कीकडे. हा गडी म्हणजे समोरच्या फळीत मुसंडी मारणारा. सगळे स्पार्टन्स त्याला अडवायला एकवटले. तो दोन पावलं पुढे गेला, थांबला, मागे सरकला, उडी मारली आणि एंड झोनमध्ये मोकळ्या उभ्या असलेल्या ग्रेंजकडे पास टाकला. टचडाउन, म्हणजे सहा गुण.

पॉट्सी क्लार्क धावत मैदानात आले. नगुर्स्की पाच यार्ड मागे नव्हताच, असं त्यांचं म्हणणं. मुख्य पंच बॉबी कान यांनी टचडाउन कायम ठेवला. त्यानंतर जादा गुण, मग स्पार्टन्सच्या हातून चेंडू स्वतःच्याच एंड झोनमधून निसटला आणि सेफ्टीचे दोन. ९-०.

पंच म्हणून मला यावर नेहमी विचारतात: निर्णय बरोबर होता का? माझं मत देतो. भुशात खुणा नीट दिसत नसणार, नगुर्स्की एकदा पुढे जाऊन मागे आलेला, आणि पंचाची नजर त्या क्षणी फळीतल्या धक्काबुक्कीवर असणं स्वाभाविक. पाच यार्ड नजरेनं मोजायचे आणि तेही माणूस हवेत असताना, हे काम खरोखर कठीण आहे. क्लार्क यांचा आक्षेप चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण जो नियम माणसाच्या डोळ्याला भरवशानं लावताच येत नाही, त्या नियमावरच शंका घ्यायला हवी. आजचा नियम सोपा आहे: डावाच्या सुरुवातीच्या रेषेच्या मागे कुठूनही फेका. माझ्यासारख्या हेड लाइन्समनला एकच रेषा पाहायची असते.

हा सामना नियमित तक्त्यातच धरला गेला. त्यामुळे बेअर्स सात विजय, एक पराभव, ८७.५ टक्के, विजेते. स्पार्टन्स सहा विजय, दोन पराभव, ७५ टक्के. म्हणजे सामन्याआधी पहिल्या जागेत वाटेकरी असलेले स्पार्टन्स तो हरून थेट तिसरे, आणि न खेळलेले पॅकर्स दुसरे. अंतिम सामना हरून उपविजेतेपदही हातून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९३३ च्या फेब्रुवारीत मालकांची बैठक पिट्सबर्गला भरली. बॉस्टन संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल आणि हॅलस यांनी तिथे बदल रेटले. पास रेषेच्या मागे कुठूनही. बाजूच्या रेषेपासून दहा यार्ड आत खुणा. गोलपोस्ट गोलरेषेवर. एनएफएल कॉलेजच्या नियमपुस्तकापासून पहिल्यांदाच वेगळी झाली. जुलैमध्ये लीगचे दोन विभाग झाले आणि दोन्ही विजेत्यांत अंतिम सामना ठरला. पुढच्या सीझनमध्ये ५७ पैकी पाचच सामने बरोबरीत सुटले. पहिल्या अंतिम सामन्यात बेअर्सनी न्यूयॉर्क जायंट्सना २३-२१ हरवलं, आणि निर्णायक टचडाउनची सुरुवात झाली ती नगुर्स्कीच्या पासनं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट वगळली तर उत्तर अप्रामाणिक होईल. १९३२ साली लीगमध्ये एकच कृष्णवर्णीय खेळाडू होता, शिकागो कार्डिनल्सचा जो लिलार्ड. १९३३ संपल्यावर एकही उरला नाही, आणि १९४६ पर्यंत एकालाही घेतलं गेलं नाही. कुठेही लिहिलेला नियम नव्हता. मालकांनी तसं केलं. मार्शल यांच्या संघानं तर १९६२ पर्यंत दार उघडलं नाही. ज्या माणसांनी मैदान दोन्ही बाजूंनी खुलं केलं, त्यांनीच ते इतरांसाठी बंद केलं. हॅश मार्कचं श्रेय मी मार्शल यांना देतो आणि हा हिशेबही त्यांच्याच नावावर मांडतो.

बाकीच्या बदलांचं पुढे काय झालं ते थोडक्यात: खुणा टप्प्याटप्प्यानं आणखी आत सरकल्या, १९७२ पासून एनएफएलमध्ये त्या बाजूच्या रेषेपासून ७० फूट ९ इंचांवर आहेत. गोलपोस्ट १९७४ मध्ये पुन्हा मागे गेले. आणि १९७२ पासून बरोबरी म्हणजे अर्धा विजय, अर्धा पराभव.

या शेवटच्या नियमानं १९३२ चा तक्ता जादा सामन्याआधी कसा दिसला असता? पॅकर्स ७५ टक्के, स्पार्टन्स ७२.७, बेअर्स ६९.२. क्रम बरोबर उलटा, आणि पॅकर्सचं सलग चौथं विजेतेपद. तरीही विजेते बेअर्सच असं मी मानतो. टक्केवारीची रीत सीझन सुरू होण्याआधी सगळ्यांना माहीत होती, आणि त्याच रीतीवर पॅकर्सनी आधीची तीन विजेतेपदं घेतली होती.

पोर्ट्समथचा संघ आणखी एक वर्ष कसाबसा टिकला. पगार थकले, आणि १९३४ मध्ये एका रेडिओ केंद्राच्या मालकानं तो विकत घेऊन डेट्रॉइटला नेला. आजचे डेट्रॉइट लायन्स ते हेच. त्यांचं जुनं मैदान मात्र गावात अजून उभं आहे, कोलंबसहून गाडीनं दोनेक तासांवर. मी तिथे गेलो तेव्हा मैदान रिकामं होतं. बाजूच्या रेषेवर, माझ्या नेहमीच्या जागी, थोडा वेळ उभा राहिलो आणि तिथून आत, जुन्या हिशेबानं दहा यार्ड, पावलांनी मोजून पाहिले.